यादीतली नावे आणि डोंगरातली पावले : ‘क्रू’ची वाटचाल

फुलवाल्याकडच्या गुच्छातला जरबेरा, लग्नाच्या मांडवातले ग्लॅडिओलसचे तुरे, बंगल्याच्या कठड्यावरच्या कुंडीतले ‘जिरॅनियम’ ही मंडळी आपल्याकडे इतकी रुळली आहेत की त्यांचे माहेर कुठले हे विचारायचे कोणाला सुचत नाही. ते माहेर, थोडाफार संकराचा हिशेब सोडला तर, दक्षिण आफ्रिका. तिथल्या रानातले कंद आणि बिया तीनशे वर्षांपूर्वीपासून जहाजांनी युरोपला गेल्या, तिथल्या काचघरांत त्यांचे संकर झाले आणि मग ते जगभर विकले गेले. मागे राहिलेल्या रानाची विचारपूस मात्र फार उशिरा सुरू झाली. ती विचारपूस पगारी शास्त्रज्ञांच्या जोडीने निवृत्त शिक्षक, शेतकरी, गिर्यारोहक आणि विद्यार्थी यांच्याकडून पद्धतशीर करून घेणारी जी यंत्रणा २००३ साली उभी राहिली, तिचे नाव ‘कस्टोडियन्स ऑफ रेअर अँड एन्डेंजर्ड वाइल्डफ्लॉवर्स’. एवढे लांब नाव कोण घेणार? सगळे तिला ‘क्रू’ म्हणतात.

वनस्पतीप्रेमींच्या स्मरणिकेत साता समुद्रापलीकडच्या संस्थेचा इतिहास कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे, की हौशी माणसांना रानात नेऊन फुले दाखवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, आपल्याकडेही आहेत. पण हौशी माणसाने चिखलात बसून लिहिलेला कागद सरकारी निर्णयाच्या टेबलापर्यंत पोचवणाऱ्या संस्था फार थोड्या. क्रूने तो रस्ता बांधला. कसा बांधला, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

आधी जागा समजून घेऊ. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाचा केप पुष्पप्रदेश सुमारे ९०,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. तेवढ्यात सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती, आणि त्यांतल्या जवळजवळ ७० टक्के जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. डोंगरातली जमीन वाळूची, निकस. उंच झाडे जवळजवळ नाहीतच. गुडघ्या-कंबरेएवढी झुडपे, एरिका, प्रोटिया, गवतासारख्या दिसणाऱ्या रेस्टिओ आणि जमिनीखाली असंख्य कंद. या रानाला म्हणतात फेनबॉस. त्याच्या खालच्या अंगाला, चिकणमातीच्या कसदार जमिनीवर रेनोस्टरफेल्ट नावाचे दुसरे रान होते. कसदार, म्हणूनच ते नांगराखाली गेले. केप टाउनच्या उत्तरेकडच्या स्वार्टलँड या गव्हाच्या पट्ट्यात त्याचा दहावा हिस्साही उरलेला नाही. जे उरले ते तुकड्यातुकड्यांनी : नांगर चालत नाही असे खडकाळ टेकाड, ओढ्याचा काठ, रस्ता आणि कुंपण यांच्यामधली अरुंद पट्टी. एखाद्या कंदवर्गीय फुलाची साऱ्या जगातली वस्ती अशा एका टेकाडावर असू शकते, आणि ते टेकाड ज्याच्या शेतात आहे त्याला त्याचा पत्ताही नसतो.

क्रूची पूर्वपीठिका १९१३पासून धरावी लागते. त्या वर्षी टेबल माउंटनच्या पूर्व उतारावर कर्स्टनबॉशची वनस्पती बाग स्थापन झाली आणि तिला पाठबळ देणारी ‘बोटॅनिकल सोसायटी ऑफ साउथ आफ्रिका’ही त्याच वर्षी निघाली. हॅरल्ड पिअर्सन हे बागेचे पहिले संचालक. परदेशी झाडे लावून शोभा आणायची नाही, देशी वनस्पतीच लावायच्या, हा बागेचा पण त्या काळात धाडसाचाच होता. पिअर्सन १९१६मध्येच गेले आणि त्याच बागेत त्यांचे दफन झाले. सोसायटीमुळे मात्र एक गोष्ट घडली : देशी फुलांवर जीव असणारा, वर्गणी भरणारा, शाखाशाखांतून भेटणारा मध्यमवर्ग तयार झाला. पुढे नव्वद वर्षांनी क्रूला स्वयंसेवक लागले तेव्हा ते बहुतांशी याच विहिरीतून निघाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धोक्यातल्या वनस्पतींच्या याद्या होऊ लागल्या. फेनबॉस आणि कारू या भागांचे ‘रेड डेटा बुक’ १९८५ साली आले, तर आफ्रिकेच्या साऱ्या दक्षिण भागाची यादी १९९६ साली. ही कामे मोलाची होती, पण ती हर्बेरियमच्या कपाटांवर बेतलेली होती. कपाटातला वाळलेला नमुना एवढेच सांगतो की अमुक सालापर्यंत ही वनस्पती अमक्या गावाजवळ होती. आज ती तिथे आहे की तिथे आता घरे उभी आहेत, हे नमुना सांगत नाही.

आणि ‘आहे’ एवढे कळूनही भागत नाही, हे ‘मार्श रोझ’ने शिकवले होते. गुलाबाशी काही नाते नसलेले हे प्रोटिया कुळातले झुडूप केपच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत फक्त मोजक्या ओलसर जागी वाढते. फुलांसाठी लोक ते तोडून नेत, म्हणून ते राखायचे ठरले. वणवा लागू द्यायचा नाही, एवढी कडेकोट काळजी घेतली. तरी झाडे कमीच होत गेली आणि १९६०च्या दशकात मोजकीच उरली. मग मुद्दाम आग लावून पाहिली, तर राखेतून नवी रोपे उगवली. बी जमिनीत पडून होते, त्याला वणव्याची वाट होती. फेनबॉसचे बहुतेक रान असेच आहे. साधारण दहा-वीस वर्षांनी एकदा जळावे, अशा हिशेबाने ते घडलेले आहे. तेव्हा मोजायला जाणाऱ्या माणसाने नुसते झाड ओळखून चालत नाही, त्या जागेला शेवटची आग कधी लागली हेही त्याला कळावे लागते.

सामान्य माणसे हे काम करू शकतात याचा पुरावा १९९१ ते २००१ या दहा वर्षांत मिळाला. टोनी रेबेलो या वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘प्रोटिया ॲटलस’ हा प्रकल्प चालवला. प्रोटिया कुळातल्या तिथल्या जाती साडेतीनशेच्या आसपास, फुले डोळ्यांत भरणारी. शेकडो स्वयंसेवकांनी डोंगर पालथे घालून कोणती जात कुठे, किती, फुलावर की फळावर, अशा नोंदी पाठवल्या. एका कुळापुरते का होईना, हौशी माणूस नीट शिकवला तर पक्की नोंद करतो, हे सिद्ध झाले. माझ्या मते क्रूचा खरा जन्म इथला. फक्त प्रोटिया सोपी आणि देखणी होती. पुढचे काम ना सोपे होते ना देखणे.

२००२ साली जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी वनस्पती-संवर्धनाचे जागतिक धोरण स्वीकारले. त्यातले एक उद्दिष्ट असे, की २०१०पर्यंत सगळ्या ज्ञात वनस्पतींची स्थिती निदान प्राथमिक पातळीवर तपासावी. दक्षिण आफ्रिकेत वीस हजारांवर वनस्पती, आणि तपासायला पगारी माणसे मूठभर. अशा वेळी डॉमितिला रायमोंडो यांनी राष्ट्रीय वनस्पती संस्था आणि बोटॅनिकल सोसायटी यांच्या भागीदारीत २००३ साली क्रू सुरू केले. पुढच्याच वर्षी नव्या कायद्याने राष्ट्रीय वनस्पती संस्थेचे रूपांतर ‘साउथ आफ्रिकन नॅशनल बायोडायव्हर्सिटी इन्स्टिट्यूट’मध्ये, म्हणजे ‘सॅनबी’मध्ये झाले, आणि क्रू सॅनबीच्या धोक्यातल्या जातींच्या कार्यक्रमाचा भाग बनले. काटेकोर बोलायचे तर क्रू ही वेगळी नोंदलेली संस्था नव्हे. सरकारी शास्त्रसंस्था आणि सभासदांची सोसायटी यांनी मिळून चालवलेले ते काम. पुढे इस्माईल इब्राहिम यांनी प्रकल्पाची व्यवस्था सांभाळली. सरकारकडे शास्त्र आणि कागदाचे वजन, सोसायटीकडे माणसे. या जोडीतले एकही अंग नसते तर गाडी पहिल्याच चढणीला थांबली असती.

सुरुवात केपच्या सखल भागापासून झाली, कारण नांगराचा आणि शहराचा रेटा तिथे सर्वांत जास्त. नंतर पूर्वेकडे क्वाझुलू-नाताळ आणि ईस्टर्न केपमध्ये काम पसरले. गावोगावचे गट झाले, आणि प्रत्येक गटाने आपापला प्रदेश वाटून घेतला. गटाची माणसे तिथलीच असल्यामुळे कोणत्या वाटेवर कोणाचे फाटक आहे, कोणता शेतकरी बोलका आणि कोणता तुसडा, हे त्यांना सांगावे लागत नाही.

प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांचे शिबिर आणि शेवटी प्रमाणपत्र, असे तिथे नाही. फुलांचा हंगाम लागण्यापूर्वी संयोजक आणि गट एकत्र बसतात. समोर यादी असते : तुमच्या टापूत धोक्यातल्या या या जाती पूर्वी सापडल्या आहेत किंवा असाव्यात, त्यांचा बहर या महिन्यांत, शेवटची नोंद या सालची. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या बहुधा मोघम असतात, कधी नुसते गावाचे नाव, कधी ‘टेकडीवर’ एवढेच. शंभर वर्षांपूर्वी घोड्यावरून हिंडणाऱ्या माणसाला अक्षांश-रेखांश कोठून येणार? मग नकाशा पसरायचा. गावाभोवती नांगरलेले काय, न नांगरलेले काय, ते पाहायचे. ती वनस्पती ग्रॅनाइटच्या मातीत वाढणारी की वाळूत, हे जुळवायचे आणि तीन-चार जागा हेरून ठेवायच्या. रानातल्या वाटचालीचे अर्धे काम असे टेबलाशी झालेले असते. क्रूच्या यशाचे श्रेय चालण्याला दिले जाते, मला ते या बैठकीला द्यावेसे वाटते. नवखा माणूस रानात गेला की त्याला जे सुंदर तेच दिसते. हाती यादी असली की तो न दिसणारे शोधू लागतो.

आणि न दिसणारे म्हणजे खरोखरच न दिसणारे. सुपरमार्केटात ‘रॉयबॉस’ चहा मिळतो, त्याचे झुडूप अ‍ॅस्पॅलॅथस या प्रजातीतले. या प्रजातीत पावणेतीनशेच्या घरात जाती आहेत. बहुतेकींना सुईसारखी पाने आणि हरभऱ्याच्या घाटणीची पिवळी फुले. पाकळीवर लव आहे की नाही, पान टोकाला बोचते की नाही, असल्या फरकांवर जात ठरते. म्हणून स्वयंसेवकाला भिंग वापरायला शिकवतात, नमुना घ्यायला शिकवतात. कंदाचे फूल असेल तर कंदावरचे जाळीदार आवरणही नोंदायचे, कारण पुष्कळदा ओळखीची खूण तिथेच असते. वर्तमानपत्राच्या घडीत फांदी अशी पसरायची की एक पान तरी पालथे दिसेल. पुठ्ठा, पुन्हा कागद, मग पट्टे आवळायचे, आणि कागद रोज बदलायचे. रंग वाळल्यावर उडतो, सुगंध तर राहतच नाही, म्हणून दोन्ही जागेवरच लिहून काढायचे. वस्ती मोजक्याच झाडांची असेल तर काहीही तोडायचे नाही, छायाचित्रांवर भागवायचे. नमुना घ्यायला प्रांताच्या निसर्गखात्याचा परवाना लागतो आणि जमीनमालकाची परवानगी. कुंपणाचे फाटक जसे सापडले तसेच, उघडे तर उघडे आणि बंद तर बंद, ठेवून जायचे. हा शेवटचा धडा कोणत्याही वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात नाही, पण तो चुकला तर पुढच्या वर्षी त्या शेतात कोणी पाऊल टाकू देत नाही.

मोजणी हा प्रशिक्षणातला सर्वांत रुक्ष भाग, आणि सर्वांत महत्त्वाचा. ‘पुष्कळ दिसली’ ही नोंद नव्हे. वयात आलेली झाडे किती आणि रोपे किती, हे वेगळे लिहायचे, कारण धोक्याची आंतरराष्ट्रीय पायरी ठरवताना वयात आलेली झाडेच धरतात. साऱ्या जगात ती ५०हून कमी उरली असतील तर जात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरते, २५०हून कमी असतील तर ‘संकटग्रस्त’. म्हणजे ४९ आणि ५१ यांच्यामध्ये एक अख्खी पायरी आहे. काट्यांत गुडघे टेकून मोजणाऱ्या बाईंना हे ठाऊक असले की त्या एक झाड दोनदा मोजत नाहीत. मग धोके लिहायचे : नांगर जवळ आला आहे का, गुरे किती चरतात, वणवा फार लवकर लवकर लागतो की बरीच वर्षे लागलाच नाही, आणि परक्या झाडांचे आक्रमण. केपमध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या अकेशिया आणि हेकिया यांनी डोंगरच्या डोंगर गिळले आहेत. आपल्या कोकणातही सामाजिक वनीकरणाने ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा उभ्या केल्या. जात निराळी, मोह तोच : भराभर वाढते, म्हणून चांगली.

शोधूनही सापडले नाही, तर तेही लिहायचे. कोणत्या तारखेला, कोणत्या उतारावर शोधले आणि नाही सापडले, ही नोंद दहा वर्षांनी कोणाच्या तरी कामी येते. हौशी मंडळींना ही सवय लावणे सर्वांत जड जाते. रिकाम्या हाताने परतल्याची नोंद लिहायला कोणाला आवडते?

पहिल्या सहा वर्षांचे फळ २००९ साली दिसले. त्या वर्षी ‘दक्षिण आफ्रिकेतील वनस्पतींची लाल यादी’ प्रसिद्ध झाली. २०,४५६ वनस्पतींची स्थिती तीत तपासली होती. जैवविविधतेने अतिसंपन्न मानल्या जाणाऱ्या देशांपैकी आपली सगळीच्या सगळी वनस्पतीसंपदा तपासणारा हा पहिला देश. सुमारे १३ टक्के वनस्पती नष्ट होण्याच्या धोक्यात होत्या, आणि एकूण चारातली एक या ना त्या कारणाने काळजी करण्यासारखी. अर्थातच हे सारे काही स्वयंसेवकांचे नव्हे. हर्बेरियमची माणसे, विद्यापीठे, एकेका कुळाला आयुष्य वाहिलेले तज्ज्ञ, सर्वांचा हात त्याला लागला. पण कपाटातली जुनी नोंद आजही खरी आहे का, या प्रश्नाचे उत्तर डोंगरातून आले ते बऱ्याच अंशी क्रूच्या गटांकडून.

यादी छापली की काम संपले, अशी आपल्याकडे प्रथा आहे. तिथे यादीला दात आहेत. रस्ता, वसाहत, खाण, नवी द्राक्षबाग, काहीही करायचे तर पर्यावरण परिणामांचा अभ्यास करावा लागतो, आणि त्या जागी लाल यादीतले काय काय नोंदले आहे हे त्यात तपासले जाते. २०२०पासून तर वनस्पती जातींसाठी असा अहवाल कसा करायचा याची सरकारी कार्यपद्धतीच लागू झाली. दुसरा उपयोग याहून सौम्य, पण माझ्या दृष्टीने अधिक टिकाऊ. केपच्या सखल भागातली उरलीसुरली रानपट्टी मुख्यत्वे खासगी मालकीची आहे. ‘केपनेचर’ हे प्रांतिक निसर्गखाते जमीनमालकांशी करार करते : हा तुकडा नांगरणार नाही, परकी झाडे काढीन, आग नियमाने लावीन. बदल्यात मालकाला तांत्रिक मदत मिळते आणि करारानुसार करसवलतही. कोणत्या तुकड्यासाठी आधी बोलणी करायची, हे त्या तुकड्यात काय आहे यावर ठरते. आणि काय आहे हे सांगणारा कागद पुष्कळदा क्रूच्या गटाने भरलेला असतो. आपल्या कुंपणात जगात दुसरीकडे नसलेले फूल आहे हे कळल्यावर गव्हाचा शेतकरी सहसा खूश होतो. जगातले एकुलते एक काही आपल्याकडे आहे, याचा अभिमान कोणाला नसतो!

गटांमध्ये जॉर्ज शहराचा ‘आउटरॅम्प्स’ गट विशेष गाजलेला. औटेनिक्वा पर्वतरांगेत पायी भटकणाऱ्यांचा हा मेळा. बहुतेक सभासद निवृत्त, पण चढण पाहून मागे हटणारे नव्हेत. त्यांच्यासारख्या गटांची खासियत अशी, की ते एकदा जाऊन थांबत नाहीत. वणव्यानंतरच्या पहिल्या मोसमात त्याच उतारावर पुन्हा जायचे, कारण काही फुले तेव्हाच दिसतात. तांबडीलाल ‘फायर लिली’ तर आग लागून गेल्यावर पंधरवड्याच्या आत काळ्या राखेतून वर येते. वर्षानुवर्षे फूल न दाखवता ती जमिनीत बसलेली असते, त्यामुळे जळलेला डोंगर पाहून चुकचुकण्याऐवजी ही मंडळी पिशव्या भरू लागतात.

क्वाझुलू-नाताळचे चित्र वेगळे. तिथे फेनबॉस नाही, गवताळ माळ आहेत. त्यांतले किनाऱ्यालगतचे माळ उसाखाली गेले. १८६०पासून भारतातून गिरमिटावर नेलेल्या मजुरांच्या घामाने पिकलेला तो ऊस, म्हणजे त्या माळांच्या कथेत आपलेही एक दुःखद पान आहे. बाकीच्यांवर निलगिरी आणि पाइनची लागवड झाली. शिवाय तिथे मुळ्या-कंदांचा देशी औषधबाजार मोठा. आल्याच्या कुळातली तिथली रानटी जात, जिचे गठ्ठे डर्बनच्या बाजारात विकले जात, ती त्या प्रांताच्या रानातून नाहीशीच झाली आहे. अशा ठिकाणी मोजणी करणारा आणि खणून विकणारा एकाच गावचे असतात. पाटी लावून तिथे भागत नाही. ओळखपाळख, बोलणे, रोपवाटिका असा लांबचा रस्ता धरावा लागतो.

शहराच्या पोटातही काही नवले उरली आहेत. केप टाउनमध्ये १८२०पासून एक खगोल वेधशाळा आहे. आता भोवती रस्ते, रेल्वे आणि दवाखाने. तिच्या आवारात मोरेआ अ‍ॅरिस्टाटा नावाचे फूल उगवते : पांढऱ्याशुभ्र पाकळ्या आणि प्रत्येक मोठ्या पाकळीच्या बुडाशी मोरपिसाच्या डोळ्यासारखा निळा-हिरवट ठिपका. रानातली त्याची वस्ती जगात एवढी एकच. तारे पाहणाऱ्यांनी कुंपण घातले म्हणून ती टिकली, कोणी फुलांसाठी नव्हे. असल्या जागी गवत कापायचे यंत्र बी पडण्याआधी फिरले की नंतर, यावर एका जातीचे नशीब ठरते. एरिका व्हर्टिसिलाटाची कहाणी याच्या उलट. ती केप टाउनच्या वाळूच्या पट्ट्यातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रानातून संपली. पुढे १९८४ साली प्रिटोरियाच्या एका उद्यानात तिचे झुडूप सापडले, मग कर्स्टनबॉशमध्ये, लंडनच्या क्यू बागेत आणि व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेअर बागेत. त्या कलमांपासून रोपे करून ती पुन्हा आपल्या मूळ पट्ट्यात लावली गेली. घोड्यांच्या शर्यतीच्या केनिलवर्थ मैदानाच्या मधोमध उरलेले रानही तिला मिळाले.

लाल यादीत ‘नष्ट’ असा शिक्का बसलेले नावही यादीतून काढून टाकत नाहीत, याचा प्रत्यय २०१९ साली आला. ट्युलबागच्या धबधब्याजवळ १८०४ साली गोळा केलेली सोरालिया कॅटॅरॅक्टा ही वनस्पती त्यानंतर कोणाच्या नजरेस पडली नव्हती, आणि ती नष्ट झाल्याचे जाहीर झाले होते. केप टाउन विद्यापीठाच्या ब्रायन द्यु प्रे या संशोधक विद्यार्थ्याला ती ट्युलबागजवळच्या एका शेताच्या कडेला, ओढ्याकाठच्या अरुंद वाटेवर दिसली. अगदी बारीक देठांवर नाजूक फुले. शेंगावर्गीय वनस्पतींवर त्याची नजर बसलेली होती आणि यादी डोक्यात होती, म्हणून दिसली. त्याआधी त्या वाटेने कितीजण गेले असतील!

कागदी फॉर्मांचे दिवस दुसऱ्या दशकात मागे पडले. आधी ‘आयस्पॉट’, मग २०१८च्या सुमारास ‘आयनॅचरलिस्ट’ या मंचावर नोंदी जाऊ लागल्या. फोटो चढवला की देशभरातले जाणकार तासाभरात नाव सुचवतात. २०१९च्या ‘सिटी नेचर चॅलेंज’मध्ये केप टाउनने जगातल्या शहरांत सर्वाधिक नोंदी करून पहिला क्रमांक पटकावला, त्यामागे स्वयंसेवकांची ही जुनी तालीम होती.

पण त्याच सुमारास दुसरे संकट वाढले. नामाक्वालँडच्या वाळवंटी टापूतल्या नखाएवढ्या रसाळ वनस्पती, विशेषतः कोनोफायटम, परदेशी शौकिनांसाठी पोत्यांनी उपटून नेल्या जाऊ लागल्या. सायकॅडच्या चोऱ्या तर जुन्याच. २०१४ साली खुद्द कर्स्टनबॉशच्या बागेतून सायकॅड उपटून नेले गेले. म्हणजे नेमकी जागा नोंदणे हेच ज्या कामाचे ब्रीद, त्यात नेमकी जागा झाकणे आले. संवेदनशील जातींची वेगळी यादी झाली, तिच्यातल्या नोंदींचे स्थान नकाशावर पुसट करून दाखवले जाते, आणि खरे स्थान ठरावीक माणसांपुरते राहते. हौशी माणसाला आपल्या शोधाचा गवगवा करावासा वाटतो. तो न करणे हा प्रशिक्षणाचा नवा धडा.

संस्थेची दुबळी बाजूही सांगितली पाहिजे. केपमधल्या गटांत वयस्कर, सुखवस्तू आणि गोऱ्या सभासदांचा भरणा राहिला. ज्या देशात १९९४पर्यंत डोंगर, बागा आणि फावला वेळ कातडीच्या रंगाने वाटले गेले, तिथे हे नवल नाही, पण यामुळे कामाची मुळे उथळ राहतात. सॅनबीने पुढाकार घेतलेल्या ‘ग्रुन सेबेन्झा’ या योजनेतून शेकडो बेरोजगार तरुणांना निसर्गक्षेत्रात अनुभवी माणसांच्या हाताखाली शिकायची संधी मिळाली. ईस्टर्न केप आणि क्वाझुलू-नाताळमध्ये कृष्णवर्णीय तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ पुढे येत आहेत. निवृत्त गिर्यारोहकाकडे वेळ आणि गाडी असते, तरुणाकडे दोन्ही नसते. त्याच्या प्रवासखर्चाचा प्रश्न सोडवल्याशिवाय स्वयंसेवेच्या गप्पा व्यर्थ आहेत.

आपल्याशी या इतिहासाचा एक गमतीदार धागा जुळतो. शिवनेरीच्या कड्यावर वाढणारी शिंदळ माकुडी डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ज्यांच्या नावाने फ्रेरिया म्हणून नोंदली ते बार्टल फ्रेअर आधी साताऱ्याला रेसिडेंट, मग १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर, आणि १८७७पासून केपचे गव्हर्नर. तिथे त्यांनी झुलूंवर युद्ध लादले, तेवढीच त्यांची कीर्ती. फुलांचा धागा याहून घट्ट आहे. आपल्या सह्याद्रीतल्या खरचुडीच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, कंदिलासारख्या फुलांची भावंडे दक्षिण आफ्रिकेतही पुष्कळ आहेत. दोन्हीकडे त्या कंदावर जगतात, थोडे दिवस दिसतात आणि बाकी वर्षभर जमिनीत लपतात. आपल्याकडची खिडकी पावसाळ्याची, श्रावण-भाद्रपदातली. जुने नमुने पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कपाटांत आणि मुंबईच्या ब्लाटर हर्बेरियममध्ये आहेत, आणि त्यांच्याही चिठ्ठ्यांवर जागेची नोंद पुष्कळदा गावाच्या किंवा घाटाच्या नावापुरतीच.

माणसे मात्र इथे वेगळी शोधावी लागतील. केपचा गट सोसायटीच्या वर्गणीदारांतून उभा राहिला. सह्याद्रीत खरचुडी नेमकी कुठल्या कड्यावर आहे हे शहरातल्या वर्गणीदाराला नव्हे, तिचे कंद उकरून खाणाऱ्या गुराख्याला ठाऊक असते. यादी त्याच्या हाती द्यायची तर तिच्यावर नावे खरचुडी, माकुडी अशीच हवीत, फॉर्म मराठीत हवा, आणि मोजणीच्या दिवशी त्याची गुरे कोण राखणार, हे आधी ठरवायला हवे.